सर कसे शिकवत?

निवृत्त शिक्षकावरचा स्मृतिलेख संपादनासाठी आला की मी आधी त्यातली विशेषणे खोडतो. शिस्तप्रिय, विद्यार्थिप्रिय, हाडाचे शिक्षक, ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व. हे शब्द खोटे नसतात. पण वसईतल्या सरांना लागतात तसे ते सोलापूरच्या बाईंनाही लागतात. ते काढल्यावर उरते ते त्या माणसाचे, आणि बहुतेक वेळा जन्मतारीख, पदवी, शाळेचे नाव आणि निवृत्तीचे वर्ष एवढेच उरते. ज्या कामात उभी हयात गेली, ते काम लेखात नसते. माझे म्हणणे असे की, हायस्कूलच्या शिक्षकाचा स्मृतिलेख आधी शिकवण्याचा असावा, मग स्वभावाचा.

कारण त्याच्या शिकवण्याची दुसरी नोंदच नसते. लिहून ठेवणाऱ्यांचे तसे नसते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले, तेव्हा त्यांच्यामागे ‘सुबोध बायबल’सारखा ग्रंथ होता, ‘सुवार्ता’चे अंक होते, हरित वसईची चळवळ होती. आपल्याच पालघर जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, ही त्यांची कुरणशाळा. ती आज आपल्याला समजते, कारण त्यांनी ती लिहून ठेवली. अनुताईंनी तर ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मचरित्रही लिहिले. आपल्या हायस्कुलांतल्या बहुतेक सर-बाईंनी असे काही लिहिले नाही. त्यांचे काम तास संपला की फळ्यावरून पुसले जाई. आणि नुसती भावना लिहिली तर केवढे हरवते, हे साने गुरुजींच्या बाबतीत दिसते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते १९२४ ते १९३० अशी जेमतेम सहा वर्षे शिक्षक होते. लोकांच्या मनात त्यांचे डोळ्यांतले पाणी राहिले. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक हाताने लिहून काढत, ही शिक्षकाची खरी मेहनत मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना ‘सर कसे होते?’ असे विचारू नये, ‘सर कसे शिकवत?’ असे विचारावे. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. त्याआधी पाचवीत एबीसीडीपासून सुरुवात करणाऱ्या मुलाला दहावीच्या पेपरापर्यंत सरांनी कोणत्या वाटेने नेले? घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणाऱ्या मुलीला प्रमाण मराठीत निबंध लिहायला लावताना बाईंनी तिची बोली खोडली, की आधी तिच्याच बोलीत सांगू दिले? भूमितीच्या तासाला पक्ष आणि साध्य लिहून झाल्यावर सर लगेच सिद्धता सांगत, की खडू मुलाच्या हातात देऊन थांबत? किती वेळ थांबत? मूल चुकले तर चुकीची ओळ पुसत, की तशीच ठेवून पुढची ओळ लिहायला लावत? चुकीची ओळ फळ्यावर राहू देणारा शिक्षक आणि ती झटकन पुसणारा शिक्षक, दोघेही प्रेमळ असू शकतात. पण त्यांच्या वर्गातून बाहेर पडणारी मुले वेगळी असतात. अशा एका ओळीत माणूस जेवढा दिसतो, तेवढा विशेषणांच्या परिच्छेदात दिसत नाही.

यावर आक्षेप येतो की घरच्यांना दुःखाच्या वेळी धीर हवा असतो, अध्यापनपद्धतीची चर्चा नको असते. पण वडिलांनी वर्गात नेमके काय केले हे मुलांनाही फारसे माहीत नसते. ते कळणे हाच मोठा धीर आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या तासाची आठवण कितपत खरी? एकाची नसेल, म्हणून निरनिराळ्या बॅचच्या विद्यार्थ्यांना एकमेकांपासून वेगळे विचारावे आणि जे जुळते ते छापावे. राहिला छडीचा प्रश्न. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला मनाई केली. त्याआधीच्या अनेक सरांच्या टेबलावर छडी असे आणि ती वापरलीही जाई. काही विद्यार्थी ती कौतुकाने सांगतात, काहींना तिची भीती अजून आठवते. दोन्ही लिहावे. शिक्षकाचा आदर राखण्यासाठी विद्यार्थ्याची भीती दडवणे मला पटत नाही.

आणि या कामाला श्रद्धांजली सभेची वाट कशाला पाहायची? अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेले कितीतरी शिक्षक आज पापडी, नंदाखाल, आगाशी, विरारमध्ये राहतात. सकाळी वाडीत किंवा बाजारात भेटतात, वाकून नमस्कार केला की नाव आठवायचा प्रयत्न करतात. त्यांच्याकडे वही-पेन घेऊन जा. तब्येत विचारून झाली की शिकवण्याबद्दल विचारा, आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.