काचेत कोण दिसतंय?



प्रत्येकाला काही ना काही वेड असतं. माझं वेड जुन्या मासिकांचं, त्यातही अंतराळ मोहिमांवरच्या अंकांचं. रद्दीवाल्याकडे गेलो की बायको म्हणते, "लोक रद्दी देऊन येतात, तुम्ही घेऊन येता!" राकेश शर्मा १९८४ साली अंतराळात गेले, त्या वेळचे दोन-तीन मराठी अंक मला असेच मिळाले.

पण सगळ्यात लाडका अंक म्हणजे 'नॅशनल जिओग्राफिक', डिसेंबर १९६९. दीडशे रुपयांना मिळाला. मुखपृष्ठावर चंद्रावर उभा असलेला अंतराळवीर. या अंकासोबत त्या काळी प्लॅस्टिकची एक पातळ तबकडी यायची, ग्रामोफोनवर लावून अंतराळयुगातले आवाज ऐकायला. माझ्या अंकातली ती कुणीतरी आधीच काढून घेतलेली. असो.

आज मोबाईलवर सगळं दिसतं, मग हे जुने कागद कशाला? थोडा विचार करा. आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवलं तेव्हा आपल्याकडे २१ जुलैची सकाळ होती, साधारण साडेआठ. मुंबईत दूरदर्शन आलं १९७२ मध्ये. म्हणजे आपल्या आजी-आजोबांनी ही घटना रेडिओवर ऐकली आणि नंतर छापील चित्रांत पाहिली. आपल्या हातातला कागद तेव्हा कुणीतरी असाच डोळे मोठे करून पाहिला असेल.

तर हा अंक मी चौथीच्या वर्गात नेला. आधी हात धुवायला लावले, मग पाच-पाच जणांना जवळ बोलावलं. एक मुलगी बराच वेळ हलेचना. म्हणाली, "सर, ह्याच्या काचेत कोण दिसतंय?"

मी म्हटलं, "दुसरा अंतराळवीर."

"मग फोटो त्यानंच काढला ना?"

"हो."

"तो कोण?"

मी गप्प. कारण आमच्या वर्गाच्या भिंतीवर हेच चित्र, मीच केलेला तक्ता, आणि खाली माझ्याच अक्षरात 'नील आर्मस्ट्राँग'. आठ वर्षं! अंकातला इंग्रजी मजकूर मी कधी नीट वाचलाच नव्हता, नुसती चित्रं पाहून खूश व्हायचो. त्या दिवशी वाचला. चित्रातला माणूस बझ ऑल्ड्रिन. कॅमेरा बहुतेक वेळ आर्मस्ट्राँगकडेच होता, म्हणून चंद्रावरचे त्याचे स्वतःचे फोटो अगदी मोजके, तेही पाठमोरे किंवा लांबून. काचेत जी इवलीशी पांढरी आकृती दिसते ना, तो आर्मस्ट्राँग.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर चूक कबूल केली. खरं सांगू? लाज वाटली. मुलांना मात्र त्याचं काहीच नव्हतं, त्यांना नवीन पट्टी चिकटवायची घाई! त्या मुलीने खाली बारीक अक्षरात 'काचेत : आर्मस्ट्राँग' असंही लिहून घेतलं.

तुम्ही असे अंक वर्गात नेणार असाल तर एक सांगतो. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडते आणि कागदही खराब करते. आणि ओल लागू देऊ नका, गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटली की सुटत नाहीत. माझी चार गेली.

राहिले ते आठ वर्षांचे विद्यार्थी. परवा एस.टी. स्टँडवर त्यातला एक भेटला, आता दहावीला आहे. त्याला थांबवून सांगितलं. तो हसला, "सर, मी तर शाळेच्या स्पर्धेत आर्मस्ट्राँगच लिहिलं होतं."

"मग?"

"बरोबर दिलं त्यांनी."