मेमरीचा पंचनामा

ऑपरेटिंग सिस्टिम कोसळते तेव्हा तिच्या हातून होण्यासारखे उपयोगाचे एकच काम उरलेले असते : त्या क्षणी मेमरीत जे काही होते ते कुठेतरी लिहून ठेवणे. अशा फाइलला क्रॅश डंप म्हणतात. तो वाचणारा डीबगर बहुधा दुसऱ्याच यंत्रावर चालतो आणि चालवणारा माणूसही दुसऱ्याच गावी असतो. चिंचणीजवळच्या तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याचा सर्व्हर रात्रपाळीत बंद पडला, तर त्याचा डंप उघडला जातो पुण्यात किंवा बेंगळुरूत. तोवर मूळ यंत्र पुन्हा सुरू होऊन कामाला लागलेले असते. त्याला काही विचारायची सोय नसते. म्हणून डंपचा कस एकाच गोष्टीवर लागतो : ती फाइल स्वतःविषयी किती सांगते. पंचनाम्यात वस्तूंइतकीच त्या कुठे आणि कोणत्या अवस्थेत सापडल्या याची नोंद महत्त्वाची असते, तसेच हे आहे. नुसते बाइट ओतून ठेवले तर ६४ जीबीची फाइलही निरुपयोगी ठरते.

एके काळी घाई तरी नव्हती. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक या संगणकाची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची, म्हणजे ‘कोअर’ पद्धतीची होती. ४० बिटांचे २०४८ शब्द तिच्यात मावत. आजच्या हिशेबाने १०,२४० बाइट, म्हणजे ४०९६ बाइटांच्या मेमरी-पानांत मोजली तर बरोबर अडीच पाने. वीज गेली तरी चुंबकीय कड्या आपला बिट सोडत नसत. युनिक्समधल्या ‘कोअर’ फाइलीचे नाव या कड्यांवरून राहिले आहे. आजची डीरॅम साधारण दर ६४ मिलिसेकंदांत ताजी करावी लागते, नाहीतर तिच्यातला मजकूर विरतो. तेव्हा डंप वीज जाण्याआधी आणि जागच्या जागीच घ्यावा लागतो.

एकच प्रोग्रॅम कोसळला आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, शाबूत असेल, तर काम सोपे असते. लिनक्स अशा वेळी ईएलएफ स्वरूपाची कोअर फाइल लिहितो. ज्या स्वरूपात चालणारे प्रोग्रॅम साठवतात, तेच हे स्वरूप. पहिला बाइट १२७, पुढे ई, एल, एफ ही तीन अक्षरे. ६४ बाइटांच्या या हेडरमधला ‘प्रकार’ हा आकडा ४ असला की समजायचे, हा चालवायचा प्रोग्रॅम नव्हे, कोसळलेल्याचा कोअर आहे. मागोमाग ५६ बाइटांच्या नोंदींची यादी येते. प्रत्येक नोंद मेमरीच्या एका सलग तुकड्याविषयी सांगते : तो कोणत्या पत्त्यापासून सुरू होत होता, फाइलीत कुठे ठेवला आहे, मेमरीत किती मोठा होता आणि फाइलीत प्रत्यक्ष किती लिहिला आहे. डीबगरचे निम्मे गणित या चार आकड्यांवर चालते. समजा एक तुकडा ७२१००० या षोडशमान पत्त्यापासून सुरू होतो आणि फाइलीत ३००० या जागी आहे. प्रोग्रॅमने ७२२२३० या पत्त्यावर काय ठेवले होते, हे पाहायचे असेल तर वजाबाकी करून १२३० मिळतात, त्यांत ३००० मिळवले की ४२३०. फाइलीत तिथे जाऊन वाचायचे.

‘मेमरीत किती’ आणि ‘फाइलीत किती’ हे दोन आकडे वेगळे ठेवले आहेत, त्याला कारण आहे. प्रोग्रॅमच्या सूचना मूळ फाइलीत असतातच, त्या पुन्हा लिहून जागा कशाला अडवायची? म्हणून लिनक्स एरवी स्टॅक, हीप अशी चालताना तयार झालेली पानेच लिहितो, आणि डिस्कवरच्या फाइलींतून आलेल्या तुकड्यांचे फक्त हेडर असलेले पहिले पान ठेवतो. ते पानही मोलाचे, कारण प्रोग्रॅमची नेमकी कोणती आवृत्ती चालू होती त्याची खूण बहुधा त्याच पानात असते.

मेमरीच्या तुकड्यांखेरीज एक तुकडा टिपणांचा असतो. दर थ्रेडमागे एक टिपण, त्यात त्या क्षणाची मुख्य रजिस्टरे. शिवाय कोणता सिग्नल आला, कोणत्या फाइली मेमरीत कुठे जोडल्या होत्या, याची यादी. रजिस्टरांशिवाय बाकी डंप जवळजवळ मुका असतो. स्टॅक कुठून वाचायला घ्यायचा, हेच त्याविना कळत नाही.

या स्वरूपातली एक जुनी अडचण मात्र ठिगळ लावून सोडवलेली आहे. तुकड्यांची संख्या लिहायला हेडरमध्ये १६ बिटच दिले होते. पासष्ट हजार तुकडे कोण करणार, असे तेव्हा वाटले असावे. मोठ्या डेटाबेस प्रोग्रॅमांनी ते केले. आता त्या जागी ६५,५३५ हा आकडा दिसला, तर खरी संख्या दुसऱ्याच एका तक्त्यात, वेगळ्या कामासाठी ठेवलेल्या रकान्यात शोधावी लागते. ज्या डीबगरला हे ठाऊक नाही, तो नेमक्या सर्वांत मोठ्या डंपांवर फसतो.

कर्नलच कोसळला तर पहिला प्रश्न, लिहायचे कोणी? फाइल सिस्टिम, ड्रायव्हर, मेमरी वाटणारी यंत्रणा यांतल्या कशावरही भरवसा उरलेला नसतो. बिघडलेली फाइल सिस्टिम वापरून डिस्कवर लिहायला जावे, तर शाबूत माहितीही जायची. विंडोजने यावर काढलेला तोडगा असा : यंत्र सुरू होतानाच पेज फाइल डिस्कच्या कोणत्या भागांत आहे याचा नकाशा करून ठेवायचा, डिस्क ड्रायव्हरची एक स्वतंत्र प्रत बाजूला ठेवायची, आणि कोसळल्यावर फाइल सिस्टिमला वळसा घालून सरळ त्या भागांत लिहायचे. पुढच्या सुरुवातीला तो मजकूर उचलून मेमरी.डीएमपी या फाइलीत हलवला जातो.

लिनक्सचा मार्ग अधिक धाडसाचा, आणि विचार म्हणून अधिक स्वच्छ. सुरुवातीलाच मेमरीचा एक भाग राखून त्यात दुसरा, छोटा कर्नल भरून ठेवतात. पहिला कोसळला की तो थेट दुसऱ्यावर उडी मारतो. बायॉस मध्ये येत नाही, त्यामुळे मेमरी पुसली जात नाही. राखीव भाग हवाच, कारण पहिल्याने नेटवर्क कार्डाला किंवा डिस्कला दिलेले हुकूम कोसळल्यानंतरही चालू असू शकतात आणि ती उपकरणे मेमरीत लिहीत राहतात. पहिल्याने कधीच न वापरलेल्या जागेत दुसरा कर्नल सुरक्षित असतो. केडंप नावाची ही यंत्रणा २००५ साली लिनक्स २.६.१३ मध्ये आली. तिची मांडणी करणाऱ्या निबंधाचे लेखक विवेक गोयल, एरिक बीडरमन आणि हरिप्रसाद नेल्लितीर्थ. त्यांतले गोयल व नेल्लितीर्थ आयबीएमच्या भारतातल्या लिनक्स गटातले. नव्या, निरोगी कर्नलला पहिल्याची सगळी मेमरी एका ईएलएफ फाइलीसारखी दिसते. ती डिस्कवर उतरवता येते किंवा नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राकडे पाठवता येते.

कर्नल डंपमध्ये पाने खऱ्या, भौतिक पत्त्यांप्रमाणे लावलेली असतात; प्रोग्रॅम मात्र आभासी पत्ते बोलतात. या दोहोंमधला दुवा म्हणजे पेज टेबले, आणि तीही डंपमध्येच कुठेतरी पडलेली असतात. त्यांचे मूळ सापडले की ४८ बिटांच्या पत्त्याचे नऊ-नऊ बिटांचे चार भाग आणि शेवटचे १२ बिट पाडून डीबगर चार पायऱ्या उतरतो, जसा प्रोसेसर उतरला असता. म्हणून विंडोजच्या हेडरमध्ये या मुळाचा पत्ता अगदी सुरुवातीला दिलेला असतो. ६४ बिटी विंडोजचे हे हेडर ८१९२ बाइटांचे. आरंभी पी-ए-जी-ई-डी-यू-६-४ ही अक्षरे, पुढे चालू ड्रायव्हरांच्या यादीचा पत्ता, प्रोसेसांच्या यादीचा पत्ता, कोसळण्याचा संकेतांक व त्याला जोडलेले चार आकडे. न वापरलेल्या जागा शून्याने न भरता ‘पेज’ या अक्षरांनी भरतात. अनोळखी डंप उघडताना ही युक्ती फार सोयीची पडते, कारण खरे शून्य आणि रिकामी जागा यांत गल्लत होत नाही.

भौतिक मेमरी सलग नसते, मधली काही भोके उपकरणांसाठी सोडलेली असतात. विंडोजच्या संपूर्ण डंपच्या हेडरमध्ये म्हणून सलग पट्ट्यांची यादी असते. समजा पहिली पट्टी पान १ पासून १५८ पानांची, दुसरी पान २५६ पासून. पान ३०० शोधायचे, तर पहिल्या पट्टीची १५८ आणि दुसरीतली ४४ मिळून आधी २०२ पाने आहेत. २०२ गुणिले ४०९६, अधिक ८१९२. फाइलीत ८,३५,५८४ या जागी ते पान सुरू होते.

पण संपूर्ण मेमरी लिहायला वेळही नसतो आणि जागाही. लिनक्समध्ये मेकडंपफाइल हा प्रोग्रॅम शून्याने भरलेली, डिस्कच्या कॅशची, वापरकर्त्यांच्या प्रोग्रॅमांची आणि मोकळी पाने गाळतो, उरलेली दाबून लिहितो. कोणते पान कशाचे हे ओळखायला त्याला कर्नलच्या आतल्या रचना माहीत असाव्या लागतात. ती माहिती कर्नल स्वतः साध्या मजकुराच्या टिपणात ठेवतो : पान केवढे, अमुक रचना किती बाइटांची, तिच्यातला अमुक भाग कितव्या बाइटावर. या टिपणाइतकी कमी जागेत कामाची गोष्ट सबंध डंपमध्ये दुसरी नाही. दाबलेल्या फाइलीत पट्ट्यांऐवजी बिटांचे दोन नकाशे असतात, एक ‘पान यंत्रात आहे का’ सांगणारा आणि दुसरा ‘पान डंपमध्ये आहे का’ सांगणारा. ६४ जीबी मेमरीची १,६७,७७,२१६ पाने होतात; दर पानाला एक बिट धरून एक नकाशा दोन एमबीत बसतो. दुसऱ्या नकाशात हव्या त्या पानाच्या आधीचे एक-बिट मोजले की २४ बाइटांच्या वर्णनांच्या यादीतली त्याची जागा कळते, आणि वर्णनात दाबलेल्या मजकुराची. शून्य पानांची युक्ती मजेशीर आहे : त्या सगळ्यांची वर्णने एकाच साठवलेल्या शून्य पानाकडे बोट दाखवतात. वापरातली चूक होते ती पाने गाळण्यात. सगळे काही गाळणारी ३१ ही पातळी सवयीने लावून ठेवलेली असते, आणि दोष गाळलेल्या पानांतच असला तर डीबगर ‘पान वगळलेले आहे’ एवढेच सांगतो.

दुसऱ्या टोकाला विंडोजचा मिनिडंप. एम-डी-एम-पी या अक्षरांनी सुरू होणारी ही फाइल म्हणजे एक अनुक्रमणिका आणि तिने दाखवलेले स्वतंत्र प्रवाह : थ्रेडांचा, मॉड्यूलांचा, अपवादाचा, मेमरीचा. तिच्यातले निर्देश ३२ बिटी, त्यामुळे ४ जीबीपलीकडे पोचत नाहीत. मोठ्या मेमरीसाठी नंतर वेगळा प्रवाह आला. त्यात सगळा मजकूर फाइलीच्या शेवटी ओळीने ठेवतात, आरंभ एकदाच ६४ बिटांत लिहितात आणि पुढची प्रत्येक जागा आधीचे आकार मिळवत काढायची असते.

इतके जुळले तरी पत्त्यांना नावे मिळायची राहतात. डंपमध्ये फंक्शनांची नावे सहसा नसतात. ती त्याच आवृत्तीच्या डीबग फाइलीतून घ्यावी लागतात. जुळणी पटवायला लिनक्समध्ये बहुधा २० बाइटांची खूण असते, विंडोजमध्ये एक अनन्य क्रमांक आणि त्याचे ‘वय’. प्रत्यक्ष कामात डंप खराब असल्यापेक्षा ही जुळणी न झाल्यानेच अधिक वेळ जातो. त्यात सुरक्षेसाठी लिनक्स कर्नल दर वेळी मेमरीत वेगळ्या जागी बसतो, म्हणून तो किती सरकला हा आकडाही त्या साध्या मजकुराच्या टिपणात असतो.

डंप कारखान्याबाहेर पाठवायचा तर आणखी एक काळजी. मेमरीत पासवर्ड, गुप्त किल्ल्या, ग्राहकांच्या नोंदी असतात. वापरकर्त्यांची पाने गाळली तरी कर्नलच्या स्वतःच्या पानांत बरेच काही उरते. नव्या विंडोज सर्व्हरवर डंप कूटबद्ध करून लिहिता येतो. मेकडंपफाइलला नेमक्या रचनांची नावे देऊन त्यांतला मजकूर पुसायला सांगता येते. पुसलेल्या जागी तो एक्स हे अक्षर भरतो, आणि काय पुसले त्याची यादी डंपमध्येच लिहून ठेवतो.