गळ्यात कॅमेरा

शेंदूरजनाघाटात मला सगळे 'बँकवाले साहेब' म्हणून ओळखतात. म्हणजे मला पाहून रस्ता बदलतात. परवा मेव्हण्याचा कॅमेरा गळ्यात अडकवून निघालो, तर तीच मंडळी आपणहून सामोरी आली! हॉटेलवाल्यानं तर केसांना पाणी लावून भांग पाडला.

पुढं नर्सरीत माळी जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरत होता. रोजचंच दृश्य. पण त्या एवढ्याशा डोळ्यावर कुणाची तरी पुढची पंधरा-वीस वर्षं उभी राहतात, हे काचेतून पाहताना जाणवलं. (आमच्या बी.कॉम.ला हा विषय नव्हता.)

बांधावर एका म्हातारबांनी वाट अडवली.

"साहेब, पंचनाम्याले आले का?"

"नाही हो बाबा, आपली हौस म्हणून..."

"हौस तं हौस, बाप्पा. या."

आंबिया बहाराची गळ झाली होती. झाडाखाली हिरव्या फळांचा सडा. बाबांचं खातं माझ्याच टेबलावर. थकबाकी पैशांसकट पाठ. झाडं मात्र पहिल्यांदाच पाहत होतो. मी त्यांना मधोमध उभं केलं.

टोपी सरळ करत ते म्हणाले, "मी नाई आलो तरी चालते. खालची सारी आली पायजे."

एका फोटोत मावेनात. सहा काढले.