साताऱ्याच्या शाळेपासून आमच्या शाळेपर्यंत

6 डिसेंबरची चैत्यभूमीवरची पाणीवाटपाची सेवा आटोपली आणि वस्तीतल्या सात कुटुंबांनी साताऱ्याला जायचे नक्की केले. निमित्त आमच्या अभ्यासिकेतल्या मुलांचे. बाबासाहेब लहानपणी ज्या शाळेत जात होते ती शाळा आजही चालू आहे, तिथे आजही घंटा होते, हे त्यांना खरेच वाटेना. एकाने तर विचारले, "म्हणजे तिथं आता पण होमवर्क देतात?" तेव्हा म्हटले, चला, दाखवूनच आणू.

कुर्ला नेहरूनगरहून रात्रीची एस.टी. धरली. एकंदर तेवीस माणसे. हिशेब आमच्याकडे, कारण कारकुनाला दुसरे काय येते? 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले आहे, बारा वर्षांखालील मुलांचे तर पूर्वीपासून अर्धेच. त्यामुळे सगळ्यांत महाग पडलो ते आम्ही पुरुष. चार बापांना रजा मिळाली नाही. त्यांच्या बायका मुलांना घेऊन आल्या, भाकरी-चटणीची गाठोडी घेऊन.

खंबाटकीचा घाट चढताना गारठा लागू लागला. सातारा स्टँडवर उतरलो तेव्हा अजिंक्यताऱ्यावर नुकते उजाडत होते. चहा घेऊन राजवाड्याच्या दिशेने चालतच निघालो. छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल हे आजचे नाव. जिल्हा परिषदेची शाळा आहे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी रामजी सुभेदारांचा मुलगा इथे इंग्रजी पहिलीत, म्हणजे आजच्या हिशेबाने पाचवीत दाखल झाला. रजिस्टरात नाव आहे भिवा रामजी आंबेडकर, अनुक्रमांक 1914. या दिवसाची आठवण म्हणून 2017 पासून 7 नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. मूळ रजिस्टर हाताळण्याचा हट्ट आम्ही कुणालाच करू दिला नाही. जुना कागद तो. प्रत्येकाचा हात लागला तर टिकेल कसा? आवारात उभे राहून वंदना घेतली आणि मुलांना खाली बसवून गोष्ट सांगायला लागलो.

वीस वर्षे रजिस्टरे लिहिण्यात गेली, म्हणून एक सांगावेसे वाटते. रजिस्टर खोटे बोलत नाही, पण ते विचारले तेवढेच सांगते. नाव, तारीख, इयत्ता. 1914 क्रमांकाचा मुलगा वर्गात कुठे बसत होता याला रजिस्टरात रकाना नाही. ते बाबासाहेबांनी स्वतःच पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने त्या आठवणी 1990 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने छापल्या. त्यांना बाकीच्या मुलांत बसता येत नसे, कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसायला गोणपाटाचा तुकडा घरून न्यायचा. शाळा झाडणारा गडीही त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून संध्याकाळी ते गुंडाळून घरी आणायचे आणि सकाळी परत न्यायचे. तहान लागली तर नळाला हात लावायची मुभा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसला तर पाणी नाही.

पाण्याची गोष्ट मुलांना ठाऊक होती, ती आपल्या घरोघरी सांगितली जाते. पण आमची धाकटी, चौथीतली, गोणपाटापाशीच अडली. म्हणाली, "पप्पा, ते घरी आणल्यावर कुठं ठेवायचे? घरातले काही बोलायचे नाहीत?"

आम्हाला एकदम उत्तर सुचले नाही. आई तोवर वारली होती. वडील नोकरीसाठी खटाव तालुक्यात गोरेगावला होते, आणि साताऱ्याचे घर आत्या सांभाळत होती. म्हणजे ते गोणपाट रोज संध्याकाळी आत्याच्या डोळ्यांसमोर येत असणार. आणि रामजी सुभेदार तर स्वतः पलटणीच्या शाळेत हेडमास्तरकी केलेले गृहस्थ. वर्ग कसा चालतो हे त्यांना कुणी सांगायला नको होते. वर्गात पोराचे काय चालले आहे याची खबर त्या घराला रोज मिळत होती, चिठ्ठी नाही, निरोप नाही, नुसत्या त्या तरटाच्या तुकड्याने. पण ती घेऊन शाळेत जाऊन जाब विचारावा, असा त्या घराला हक्क नव्हता. धाकटीला एवढेच सांगितले की, घरातल्यांना सगळे कळत होते. ती गप्प बसली. का गप्प बसली ते आम्हाला तेव्हा कळले नाही.

दुपारी बाकीची मंडळी मुंबईला परतली. आम्ही, सौ. आणि धाकटी असे तिघे कोरेगाव, पुसेगावमार्गे दहिवडीच्या गाडीत बसलो. माण तालुक्यात सौ.चे माहेर आहे. तो भाग दुष्काळीच. रस्त्याच्या दोन्ही अंगांना माळ आणि मेंढरे. दहिवडीहून पुढे वडापने गेलो. तिथल्या वहिनी (आमच्या मेहुण्यांची पत्नी) गावच्या प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहेत, हे आम्हाला ऐकून माहीत होते. शिक्षण सातवी, काम दुसऱ्याच्या रानात खुरपणीचे. दुसऱ्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा होती. वहिनी म्हणाल्या, "दाजी, बाबासायबांची शाळा बघून आला, आता आमची बघा."

दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी मिळून एकतीस पोरे. दाराशेजारी फळा टांगलेला. त्यावर पट किती, हजर किती, मुलगे किती, मुली किती, आज खिचडीत कोणती डाळ. पलीकडे समितीची नावे रंगवलेली. वहिनींनी आपले नाव बोटाने दाखवले. मग चपला काढून सरळ दुसरीच्या वर्गात गेल्या आणि मागच्या बाजूला सतरंजीवर बसल्या. गुरुजींनी मान हलवली आणि वाचन पुढे चालू ठेवले. आम्ही आपले दारातच घोटाळलो. आमच्या अंगातला भिडस्तपणा पाहून वहिनींनी हात करून आत बोलावले.

अर्धा तास बसलो. एक पोरगा जोडाक्षराला अडला की शेजारची मुलगी हळूच सांगे. मेंढरामागे गेलेल्या घरातली दोन पोरे आली नव्हती. ती कोणत्या गावाच्या शिवारात आहेत हे गुरुजींना ठाऊक होते आणि त्यांनी ते वहिनींना सांगितले. सुट्टीत वहिनींनी खिचडी चाखली आणि चवीच्या वहीत सही केली. "मीठ कमी," असे मोठ्याने सांगितले ते वेगळेच.

आम्ही विचारले, पहिल्यांदा कशा गेलात? हसल्या. "पयल्यांदा दाराभाईरच हुबी ऱ्हायले, तुमच्यावानी. गुरुजी म्हनले, काय काम हाय? म्या म्हनलं, काम न्हाय, बघायला आले. त्येंलाबी नवल वाटलं." आधी पालकांची सभा सकाळी अकराला होत असे, म्हणजे ज्यांना रोजगारावर जायचे नाही त्यांचीच. बायकांनी हट्ट धरून ती दिवेलागणीला आणली. सभेत गुरुजी एकेका पोराचे दोन-दोन वाक्यांत सांगतात: हिला वाचता येते पण लिहिताना काना-मात्रा जातो, ह्याची हातच्याची वजाबाकी अजून बसली नाही. पुस्तकी नोंद नाही, बोलीतले बोलणे. शाळा अगदी आदर्श आहे असे कुणी समजू नये. संडासाला पाणी बाहेरून आणून टाकतात, आणि एका गुरुजींचा निम्मा वेळ मोबाइलवर वरची माहिती भरण्यात जातो. पण आत काय चालते हे गावाला माहीत आहे.

हे सगळे गुरुजींच्या मेहेरबानीवर आहे असे आम्ही समजत होतो. तसे नाही. 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यात, कलम 24 मध्ये, शिक्षकाच्या कर्तव्यांतच हे लिहिले आहे की त्याने पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती आणि इतर जे सांगण्यासारखे असेल ते त्यांना सांगावे. कलम 21 प्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, आणि वंचित घटकांतल्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा हवी. विनाअनुदानित शाळा सोडल्या तर समिती सगळीकडे आहे. आम्ही बी. कॉम. झालो, वस्तीत रेशनकार्डापासून जातीच्या दाखल्यापर्यंत लोकांची कामे करतो, आणि आमच्या मुलीच्या शाळेत ही समिती कोणाची आहे ते आम्हाला सांगता आले नसते.

संध्याकाळी चुलीपाशी वहिनी भाकरी थापत होत्या आणि धाकटी समोर बसली होती. वहिनी शाळेतून आलेल्या पोरांना "काय शिकलास?" असे विचारतच नाहीत. त्याचे उत्तर ठरलेले, "काय नाय." त्या विचारतात: आज कुठं बसलीस? शेजारी कोण होतं? पाणी कोणी आणलं? गुरुजींनी तुझ्याकडनं काय वाचून घेतलं? तेच त्यांनी धाकटीला विचारले.

"मी मधल्या सुट्टीनंतर वर्गात नसते मामी. कप धुवायला जाते."

आम्ही बाहेर ओट्यावर होतो. ऐकले आणि उठून आत गेलो.

चौथीत गेल्यापासून हे चालले होते. मधल्या सुट्टीत शिक्षकांचा चहा होई, मग चार मुली कप, किटली आणि डबे धूत, टेबल पुसत. तोवर गणिताचा अर्धा तास संपलेला असे. आणि आम्ही तिला गणितात कमी म्हणून पावसाळ्यापासून बोलत होतो. सौ. म्हणाल्या, हिची बाही रोज ओली असते, साबणाचा वास येतो. आम्हाला वाटले नळावर खेळत असेल. दिवाळीआधी प्रगतिपुस्तक मिळाले, त्यात गुणांच्या जोडीला वर्णन लिहिलेले असते. तिच्या पुस्तकात होते, "आज्ञाधारक आहे. शिक्षकांना मदत करते." ते वाचून आम्ही अभिमानाने सही केली होती. लफ्फेदार सही केली होती, हेही सांगून टाकतो. साताऱ्याच्या त्या घराला सारे कळत होते आणि विचारायची सोय नव्हती. आम्हाला विचारायची सोय आहे, पण आमच्या घरात कळले कुणाला होते?

तिला विचारले, सांगितले का नाहीस? म्हणाली, "तुम्ही विचारलंच नाही. आणि बाई म्हणाल्या, हुशार मुलींनाच सांगते."

सोमवारी आम्ही शाळेत गेलो. भांडायचे नाही असे ठरवून गेलो आणि ते बऱ्यापैकी पाळले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, मुलींना कामाची सवय लागते, यात काय एवढे? चार मुलींची नावे मागितली. चौघीही आमच्याच गल्लीतल्या निघाल्या. जात विचारून काम दिले असे आम्ही म्हणणार नाही, पुरावा नाही. पण बाई सहज बोलून गेल्या की बाकीच्या मुलांचे पालक लगेच विचारायला येतात, तुमच्याकडचे कुणी येत नाही. हे मात्र खरे होते, आणि ते आम्हाला फार लागले.

समितीच्या सदस्यांची यादी मागितली. तिच्यात आमच्याच चाळीतल्या एक बाई होत्या, घरकामाला जाणाऱ्या. त्यांना पत्ताच नव्हता. "एकदा सही घेतली होती, मला वाटलं खिचडीची," म्हणाल्या. त्यांना बरोबर घेऊन पुन्हा गेलो, दोन गोष्टी लिहून दिल्या आणि त्याची पोच घेतली (कागद दिला की पोच घ्यावी, ही आमची नोकरीतली एकच शिकवण): वर्ग चालू असताना कोणत्याही मुलाला कामाला लावू नये, आणि सभा संध्याकाळी घ्यावी. कप धुणे त्या दिवसापासून बंद झाले. जानेवारीची सभा सायंकाळी सहाला झाली. बारा आया आल्या, तीन बाप. बोलले कमी, बसले पुष्कळ वेळ. बाईंनी धाकटीबद्दल सांगितले की भागाकारात मागे आहे. ते खरेच होते. निम्मे भागाकार तिने नळावर घालवले होते.

आता रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास भागाकार चालतो आणि ती आमच्यावर वैतागते. पुढच्या बुधवारी तिच्या वर्गात बसायचे आहे. कचेरीत अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात नेहमीप्रमाणे "घरगुती काम" लिहिणार होतो, ते खोडून लिहिले, "मुलीच्या वर्गात बसण्यासाठी." साहेबांनी चष्मा वर करून दोनदा वाचले आणि विचारले, "कितवीत आहे?"