गुडघा बघितलाय का?

आमच्या नांदूरघाटच्या भागात दसरा जवळ आला की माणसांचे भाव निघतात. बैलांचे भाव बाजारात निघतात, माणसांचे घराच्या ओट्यावर. मुकादम येतो, चहा होतो, पोरगं समोर बसतं, सून दाराआड उभी राहते, आणि कोयता कितीला ते ठरतं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता. शहरातल्या वाचकाला हे सांगावं लागतं, आमच्याकडं शेंबड्या पोरालाबी ठाऊक असतं.

मी दहावी शिकलेला, म्हणून गल्लीतले कागद लिहायचं काम माझ्याकडं. 2017 च्या दसऱ्याला थोरल्या भावाच्या पोराचा कागद मीच लिहिला. पोरगं बावीस वर्षांचं, अंगानं नुसतं पोलाद. मुकादम साठ म्हणत होता, मी ऐंशी म्हणलो, सत्तर हजार उचलीवर मिटलं. मुकादम गेल्यावर भाऊ म्हणला, "तात्या, तुझ्यामुळं दहा वाढले बघ." मी बी जरा ताठ बसलो.

त्या साली मीही टोळीबरोबर गेलो. दोन वर्षं पाऊस बरा होता, पण त्याआधीच्या दुष्काळाचं देणं अजून मानेवर होतं. कोयता चालवायचं माझं वय राहिलं नव्हतं. मी बैल हाकायचो, टोळीचा हिशोब लिहायचो आणि सांजच्याला वाढं विकायचो. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, जनावराचा चारा. आमचा अड्डा कोल्हापूर शहराच्या अगदी कडेला पडला होता आणि कोल्हापूरची एक गंमत अशी की, एवढं मोठं शहर, पण गल्लीबोळात म्हशी. गंगावेशीत लोक म्हशीचं धारोष्ण दूध उभ्या उभ्या पितात. तेव्हा वाढ्याला गिऱ्हाईक भरपूर. मी टायरगाडी घेऊन पेठेतल्या एका गवळ्याकडं जायचो, पेंढ्या उतरवायचो, आणि पैसे मिळेपर्यंत समोरच्या चहाच्या गाड्यावर बसायचो.

तिथं मी पहिल्यांदा ऐकलं, की पोराचे भाव दुसरीकडंबी निघतात.

आपल्याकडं कुस्ती, कबड्डी, आता क्रिकेट. कोल्हापुरात मात्र फुटबॉल. आणि तोही तालमींचा. संस्थानाच्या काळात हा खेळ आला आणि तालमींना असा चिकटला की पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही नावं आपल्याला कुस्तीची वाटतात, पण लोक त्यांच्या फुटबॉलवरून भांडतात. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ यांच्यात तर या खेळावरून सोयरिकी मोडायच्या बाकी राहतात. शाहू स्टेडियमवर सामना असला की त्या दिवशी गवळीसुद्धा धार लवकर काढायचा.

हंगामाच्या तोंडाला तालमी खेळाडू ठरवतात. त्या गाड्यावर जी मंडळी बसायची ती एका तालमीची कट्टर. तालमीचं नाव लिहीत नाही, अजून तिकडं माझी ओळख आहे. चष्मेवाले एक रिटायर मास्तर, एक पेंटर, एक रिक्षावाला आणि चार-पाच कॉलेजची पोरं. विषय एकच. परराज्यातला एकोणीस वर्षांचा एक स्ट्रायकर आणायचा होता. स्ट्रायकर म्हणजे पुढं राहून गोल मारणारा. तो हंगामाचे दीड लाख मागत होता, वर राहायची खोली आणि जेवण.

"दीड लाख? खुळा काय रं?" पेंटर म्हणायचा. "वर्गणी गोळा करून करून आमची पायतानं झिजली."

"मग गोल कोण मारणार? तू?" रिक्षावाला.

कॉलेजची पोरं जगाचे दाखले द्यायची. त्याच ऑगस्टमध्ये नेमार नावाच्या ब्राझीलच्या खेळाडूला पॅरिसच्या क्लबानं 22 कोटी 20 लाख युरोला घेतलं होतं. आपल्या रुपयात सोळाशे कोटींच्या वर. मी विचारलं, "एकाच माणसाला?" तर सगळे हसले. म्हणे, दुसरा एक एम्बापे नावाचा अठरा वर्षांचा पोरगा त्याच क्लबानं नेला, पण आधी उसना नेला, 18 कोटी युरो पुढं द्यायचे. उसना माणूस हे मात्र मला लगेच कळलं. आमच्याकडं एका मुकादमाचा कोयता दुसरा मुकादम असाच नेतो.

मास्तर पोरांना गप्प करायचे. "नेमार ऱ्हाऊ दे. आपल्यातला अनिकेत जाधव बघा." त्याच ऑक्टोबरात आपल्या देशात सतरा वर्षांखालच्या पोरांचा वर्ल्डकप झाला होता आणि त्यात भारताच्या संघात कोल्हापूरचं हे पोरगं पुढच्या फळीत खेळलं होतं. भारत तिन्ही सामने हरला, पण गाड्यावर त्याचं पेपरातलं चित्र चिकटवलेलं होतं. मास्तरांचं म्हणणं, गावात असली पोरं तयार होत असताना बाहेरून विकत आणायची कशाला? यावर रिक्षावाला म्हणायचा, "तयार झाली की ती हितं थांबत्यात का, मास्तर?" याला मास्तरांकडं उत्तर नसायचं. मग ते चहा मागवायचे.

हा वाद आठ-दहा दिवस चालला. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सौदा कळत होता. म्हणून मी कान देऊन ऐकायचो. एके दिवशी सगळं जमत आलं तेव्हा मास्तरांनी विचारलं, "त्याचा गुडघा बघितलाय का कुणी?" मागच्या साली त्या पोराला लागलं होतं म्हणे. मग पुन्हा चर्चा. डॉक्टरला दाखवा. हंगामात लागलं तर औषधपाणी कुणी करायचं? तेवढ्या दिवसांचे पैसे कापायचे का? पेंटर, जो एक रुपया सोडत नव्हता, तोच म्हणला, "कापायचं कसलं? आपल्यासाठी खेळताना लागल्यावर?"

मी पैसे घेतले, बैलं जुपली आणि अड्ड्यावर आलो. वाटेत मला मी लिहिलेला कागद आठवत होता. त्यात गुडघ्याचं काही नव्हतं. खाड्याचं होतं. एक दिवस खाडा पडला की पाचशे रुपये उचलीवर चढवायचे, ही ओळ मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिली होती.

जानेवारीत पुतण्याचा गुडघा गेला. शेतकऱ्यानं पाळी चुकून फडात पाणी सोडलं होतं, डोक्यावर मोळी, पाय चिखलात रुतला तो रुतला आणि अंग फिरलं. कोपीत आणून टाकला. बायकांनी वीट तापवून शेक दिला, त्यानं सूज आणखी वाढली. सांजच्याला मी गाड्यावर मास्तरांना सहज सांगितलं. ते उठलेच. रिक्षावाल्याला घेऊन अड्ड्यावर आले, बरोबर तालमीतल्या पोरांचे पाय बघणारा एक माणूस. त्यानं बोटानं दाबून बघितलं, म्हणला, "शेक बंद. बर्फ लावा. आतली शीर ताणलीया, तीन आठवडं ह्यानं उभं ऱ्हायचं न्हाई." आमच्या कोप्यांत प्यायला पाणी टँकरचं, बर्फ कुठला? रिक्षावाला रोज बर्फाचा खडा पोत्यात गुंडाळून आणून द्यायचा. पैसे घेतले नाहीत.

मास्तर कोपीबाहेर बाजेवर बसले. म्हणले, "मामा, ह्याचं सीझनचं कितीला ठरलंय?"

"सत्तर हजार. दोघांचं."

"म्हणजे शेवटी सत्तर मिळणार."

"न्हाई मास्तर, मिळाले कवाच. आता फेडायचेत."

त्यांना उमजेना. मग मी मातीत काडीनं मांडून दाखवलं. आम्हाला टनाला सव्वादोनशेच्या आसपास पडत होते. जोडीनं दिवसाला दोन टन तोडला तर साडेचारशे. सत्तर हजार फिटायला दीडशेच्या वर दिवस. हंगाम तेवढाही चालंल का नाही, सांगता येत नाही. दर आठवड्याची खर्ची त्याच्यातच चढते. मास्तरांनी चष्मा पुसला. मग म्हणले, "आणि हे पडून हाय, ते दिवस?"

"खाडा."

"बायकू तर कामावर जाती की."

"अर्ध्या कोयत्याचा खाडा."

मुकादमाला शिव्या घालणं सोपं आहे. पण तोही आमच्यासारखाच बालाघाटातला, त्यानंही वरून पैसे उचललेले, एखादी जोडी पळाली तर त्याचं रान जातं. तेवीस दिवसांचे खाडे त्यानं वहीत लिहिले. वही माझ्याच हातात होती, म्हणजे मीच लिहिले.

पोरगं काठी टेकत चालायला लागलं तेव्हा मास्तरांनी आम्हा दोघांना स्टेडियमवर नेलं. त्यांचा तो दीड लाखाचा स्ट्रायकर आलाच होता शेवटी. एवढीशी मिसरूड, पाय मात्र हरणाचे. पहिल्या अर्ध्यात त्यानं दोन संध्या घालवल्या, तर आमच्याच बाजूचे लोक ओरडले, "दीड लाखाचं माती केलं रं!" सगळ्यात मोठा आवाज पेंटरचा. प्रत्येक चुकीला लोक त्याची किंमत घेत होते. दुसऱ्या अर्ध्यात त्यानं कोपऱ्यातून आलेला चेंडू डोक्यानं आत घातला आणि पेंटर माझ्या गळ्यात पडला. सामना संपल्यावर पोरगं कडेला एकटंच बसून पाणी पीत होतं. सगळे त्याचं नाव घेत होते, पण त्याच्या भाषेत बोलणारं तिथं कुणी नव्हतं. पुतण्या त्याच्या गुडघ्याकडं बघत होता. म्हणला, "तात्या, पट्टा बांधलाय त्यानं."

पट्टा पडला तेव्हा, म्हणजे हंगाम संपला तेव्हा, पुतण्याच्या अंगावर एकवीस हजार बाकी राहिली. ती पुढच्या सालच्या उचलीत गेली. त्याच्या पुढच्या सालची त्याच्या पुढं.

2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर वाढला, टनाला 273 चे 366 झाले. त्या दसऱ्याला मुकादम आला तो लाखाच्या वरच्या भाषेत बोलत. कागद लिहायला मीच होतो. खाड्याच्या ओळीखाली मी एक ओळ वाढवली, 'तोडणी करताना दुखापत झाल्यास खाडा धरू नये व दवाखान्याचा खर्च मुकादमाने करावा.' मुकादमानं वाचलं, माझ्याकडं बघितलं.

"तात्या, हे काय नवीन?"

"कोल्हापूरची पद्धत हाय," मी म्हणलो.

दोन तास घासाघीस झाली. दवाखान्याचं त्यानं खोडलं. खाड्याचं आधी आठ दिवस म्हणला, मग दहा, शेवटी पंधरा दिवसांवर आलं. पुतण्यानं सही केली आणि मला म्हणला, "तात्या, आता गुडघ्यालाबी सांगून ठिवा, पंधरा दिवसांत बरं व्हायचं म्हणावं." सून दाराआड हसली आणि पुन्हा चहा ठेवायला आत गेली.