फणसाचा पिवळा भुसा

धर्मगुरुनिवासाच्या मागल्या पडवीत आम्ही सुतारकामाचे एक लहानसे दालन थाटले आहे. प्रभुमंदिरातील बाकांचे मोडके पाय, नाताळच्या गोठ्याचे छप्पर, कुणा घराला एखादा पाट, एवढाच त्याचा पसारा. सेमिनरीत एका वृद्ध ब्रदरांनी हाती दिलेला रंधा आमच्याकडून अद्याप सुटलेला नाही. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत धर्मग्रामातील एक मुलगा शिकावयास येऊ लागला. पंधरवड्याने, रविवारच्या मिस्सेनंतर, त्याच्या आईने आम्हांस गाठले.

"फादर, पोर रात्रभर खोकतोय."

"आंबे जास्त झाले असतील," आम्ही हसून म्हणालो. ते हसणे आज आम्हांस बोचते.

रत्नागिरीच्या बाजूस घरगुती कामाला फणसाचे लाकूड आवडीने वापरतात. त्याचा भुसा हळदीसारखा पिवळा. ब्रह्मदेशात त्याच्या ढलप्या उकळून भिक्षूंची वस्त्रे रंगवीत. तेथला पदच्युत राजा थिबा 1886 पासून 1916 पर्यंत आमच्याच गावी बंदिवासात होता, हा एक योगायोग. तोच पिवळा रंग त्या मुलाच्या रुमालावर उमटत होता, आणि आम्ही तो पाहूनही पाहिला नव्हता.

पुढे एके दुपारी कौलांच्या फटीतून उन्हाची तिरीप आत आली. यंत्रे थांबून अर्धा तास झाला होता, जमीन झाडून स्वच्छ होती, तरी त्या तिरिपेत पिवळी धूळ तरंगतच होती. रंध्याच्या ढलप्या पायाशी पडतात. त्यांचा उपद्रव फक्त केरसुणीला. घासयंत्राने उडणारी पूड मात्र हवेत रेंगाळते व श्वासाबरोबर खोल उतरते. कठीण लाकडाच्या धुळीने नाकाचा कर्करोग होतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने 1995 साली प्रसिद्ध केला. संत योसेफांच्या चित्रांतही ढलप्याच दिसतात. धूळ कोण रंगविणार?

दोष शोधता आमचेच दोन निघाले. बाहेर हवा फेकणारा पंखा आम्ही पश्चिमेच्या खिडकीत बसविला होता. दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटले की पंख्याने फेकलेली धूळ तेच आत लोटीत. दुसरा दोष धूळ ओढणाऱ्या यंत्राचा. त्याच्या कापडी पिशवीची वीण विरळ होती. ती ढलप्या धरी आणि बारीक पूड परत खोलीत उधळी. जे धूळ गिळते असे आम्ही मानीत होतो, तेच ती पेरीत होते.

पंखा पूर्वेस गेला. यंत्र भिंतीपलीकडे छपराखाली ठेवले. नळी तेवढी आत. मध्ये झाकणाचे एक पत्र्याचे पिंप बसविले. हवा त्यात कडेने तिरकी शिरते, गरगरते, जड ढलप्या तळाशी बसतात आणि हलकी पूड मधल्या नळीने बाहेर जाते. नळी मात्र आखूड व सरळ हवी. प्रत्येक वळणावर ओढ मंदावते, हे आम्ही तीन वळणे देऊन शिकलो. केरसुणीऐवजी ओले फडके आले. घासताना नाकातोंडावर घट्ट मुखपट्टी, आम्हांसही. पावसाळ्यात पिशवी दमट होऊन कोंदते, म्हणून ती रोज झटकावी लागते, तीही बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून.

त्या माउलीकडे आम्ही स्वतः गेलो व क्षमा मागितली. तिने चहा ठेवला. मुलगा पुन्हा येतो. पिंप रिकामे करण्याचे काम त्याने मागून घेतले आहे, आणि ढलप्यांचे पोते घरच्या चुलीसाठी तोच नेतो.