मलिकूच्या किनाऱ्यावर तीन दिवस

कोचीहून निघून दोन रात्री झाल्या होत्या. दुसऱ्या रात्री, फजरला अजून वेळ असताना, सुकाणूवर बसलेले चाचा हळूच म्हणाले, "दिवा दिसला." आम्ही तिघे खालून वर आलो. पाण्याच्या रेषेवर एक ठिपका उजळायचा, विझायचा. मिनिकॉयचं दीपगृह.

आमची बोट शिडाची, अडतीस फुटांची. माणसं चार: दाभोळचे चाचा, जे अठ्ठावीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढून बोसन म्हणून घरी बसले, श्रीवर्धनचा एक तरुण इंजिनिअर, ज्याला पहिल्या दिवशी बोट खूप लागली, आणि मुंबईचे आम्ही दोघे भाऊ. लक्षद्वीपला जायला प्रवेश परवाना लागतो. त्याच्या कागदांसाठी कोचीत आम्ही जितके दिवस घालवले, तितके समुद्रावर घालवले नाहीत. हातात उतरून राहायला मिळाले तीन दिवस.

दिवा दिसला म्हणजे पोहोचलो असं नाही. या बेटाच्या पश्चिमेला मोठं उथळ सरोवर आहे आणि त्याभोवती प्रवाळाचा कठडा. १८६२ साली पी. अँड ओ. कंपनीची 'कोलंबो' नावाची आगबोट इथंच प्रवाळावर चढून फुटली. दीपगृह उभं राहिलं १८८५ मध्ये. आम्ही शीड उतरवून उजाडेपर्यंत बाहेरच थांबलो. ऊन वर आल्यावर मासेमारीची एक होडी पुढं झाली आणि तिच्या मागोमाग, पाण्याचा रंग बघत, आम्ही आत शिरलो. निळ्याचा हिरवा झाला, हिरव्याचा जवळजवळ पांढरा. नांगर टाकला तेव्हा साखळीची कडी न् कडी वरून दिसत होती.

जेट्टीवर एक म्हातारे गृहस्थ उभे होते. "अस्सलामु अलैकुम. कहाँ के?" चाचांनी सलामाला उत्तर देऊन "रत्नागिरी" म्हटल्याबरोबर म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. "म्हणजे सारंग लोक!" पी. अँड ओ.च्या बोटींवर डेकचे खलाशी बहुतेक रत्नागिरीकडचे असायचे, हे आपल्या कोकणातल्या घरांना सांगायला नको. पण ते या एवढ्याशा बेटावर कुणी ओळखेल असं वाटलं नव्हतं. मिनिकॉयची माणसंही पिढ्यान् पिढ्या जहाजावर जातात. फरक एवढाच की आपली मुंबईत भरती व्हायची, यांची कोलकात्यात. दोघं निवृत्त खलाशी मग जेट्टीवरच बसले आणि सिंगापूर, रॉटरडॅम, सुएझ अशी बंदरं मोजत राहिले. आम्हाला उठवावं लागलं.

या बेटाला तिथले लोक मलिकू म्हणतात. बाकीच्या लक्षद्वीपपासून ते दूर, दक्षिणेला; भाषासुद्धा वेगळी. बाकी बेटांवर मलयाळमच्या जवळची बोली, इथं मात्र महल, जी मालदीवच्या दिवेहीची बहीण. लिपी थाना, उजवीकडून डावीकडे लिहायची. तिची पहिली नऊ अक्षरं अरबी आकड्यांवरून, एक ते नऊ, घेतलेली आहेत. आमच्या यजमानांच्या नातीनं वहीत आमची नावं लिहून दाखवली, तेव्हा वाटलं कुणी तरी हिशेब मांडतंय.

सायकली यजमानांनीच मिळवून दिल्या. चेन खाऱ्या हवेनं गंजलेल्या, पण खोबरेल पाजून चालत्या ठेवलेल्या. बेट दहा-अकरा किलोमीटर लांब आणि इतकं अरुंद, की दक्षिणेकडे जाताना काही ठिकाणी माडांच्या खोडांमधून एका हाताला शांत सरोवर दिसतं आणि दुसऱ्या हाताला उघड्या समुद्राची गाज ऐकू येते. चढ नाहीच. कुत्री नाहीत, त्यामुळे सायकलीमागं कुणी लागत नाही. शाळेच्या मुली, बाजाराला निघालेल्या बायका, पायघोळ झग्यावर रुमाल बांधलेल्या आज्या, सगळ्यांचा रस्त्यावर सारखाच हक्क. आमच्या इंजिनिअरला एका आजीनं मागून घंटी वाजवून बाजूला व्हायला लावलं, ते त्याला शेवटपर्यंत ऐकावं लागलं.

दीपगृहावर चढून गेलो. वरून सगळं बेट दिसतं, कापलेल्या नखासारखं. त्याच्या टोकाला विरिंगिली नावाचं छोटं बेट आहे. देवीची साथ यायची तेव्हा रोग्यांना तिथं नेऊन ठेवत. तिकडं बघून फार बोलावंसं वाटलं नाही.

मासेमारीबद्दल मात्र सांगायलाच हवं. इथला मासा म्हणजे टुना, आपल्याकडचा कुपा, आणि तो जाळ्यानं नाही, काठीनं धरतात. आधी सरोवरात बारीक मासळी पकडून होडीच्या पोटात, वाहत्या पाण्यात, जिवंत ठेवायची. समुद्रात कुप्याचा थवा दिसला की ती मूठमूठ फेकायची आणि वरून पाण्याचे फवारे मारायचे. माशाला वाटतं खाली खाद्याची झुंबड उडालीय. मग माणसं ओळीनं काठ्या टाकतात. गळाला काटेरी आकडा नसतो, म्हणून झटका दिला की मासा खांद्यावरून मागं होडीत पडतो आणि गळ लगेच मोकळा. हाच मासा उकडून, धुरावर धरून, उन्हात वाळवला की 'मास' तयार होतो. लाकडासारखा कडक, वर्षभर टिकणारा. पातळ किसून, खोबरं, कांदा, हिरवी मिरची आणि लिंबू घालून यजमानांच्या घरी आम्ही तो खाल्ला. चाचांनी चौथ्यांदा वाढून घेतला.

त्या घरीच आमचा मुक्काम खरा झाला. बेटावर अकरा गावं, एकमेकांना चिकटलेली. प्रत्येक गावाचा पुरुषांमधला प्रमुख बोडुकाका आणि बायकांमधली प्रमुख बोडुथाथा. 'बोडु' म्हणजे मोठा. 'काका' ऐकून आम्ही आधी हसलो, मग सवय झाली. गावाची शर्यतीची लांब होडी, सामाईक घर, सणाचं जेवण, सगळं गावानं मिळून करायचं आणि कामाची वाटणी या दोघांनी करायची. घर आईकडून मुलीकडे जातं. लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी येतो. यजमान हसत म्हणाले, "मैं तो यहाँ पचास साल का मेहमान हूँ." हुंड्याचं विचारलं तर त्यांना प्रश्नच दोनदा समजावून सांगावा लागला. या बेटांवर पूर्वी ज्यांची सत्ता होती, त्या कन्नूरच्या अरक्कल घराण्यातही वयानं सगळ्यांत मोठं असेल ते गादीवर बसे, मग पुरुष असो की बीबी.

यजमानांच्या पत्नी स्वतः काही वर्षं बोडुथाथा होत्या. २०१७ मध्ये ओखी वादळ आलं तेव्हा यजमान तिथं नव्हते, मुलगे जहाजावर. अर्धं छप्पर उडालं, दारातले माड पडले. त्यांनी पडलेल्या माडांचेच वासे करून घेतले, गावच्या बायका-पोरांना हाताशी धरून छप्पर उभं केलं आणि फोन लागू लागल्यावर नवऱ्याला सांगितलं. "पूछा नहीं?" आमच्यातल्या एकानं विचारलं. ते भाषांतर करताना यजमानांना हसू आवरेना. बाईंनी शांतपणे उत्तर दिलं, आणि मग त्यांनीच चाचांना विचारलं: तुम्ही इतकी वर्षं जहाजावर होता, तुमच्या घरी कोण ठरवत होतं?

चाचांनी चहाचा कप उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "फोनवर मीच," म्हणाले. आणखी काही बोलले नाहीत.

रात्री बोटीवर, आम्ही वर ताऱ्यांखाली पडलो असताना, त्यांनी आपणहून सुरुवात केली. घरामागं आंब्याची चौदा कलमं होती. चाचींनी पहिली पाच वर्षं विहिरीवरून कळशीनं पाणी घालून जगवलेली. एकदा जहाज सिंगापूरला असताना गिऱ्हाईक आलं, भाव चांगला होता, चाचांनी फोनवर जमीन दिली. चाचींना कळलं ते मोजणीवाले आले तेव्हा. "भांडली असती तर बरं झालं असतं," चाचा म्हणाले. "तिनं त्यांना चहा करून दिला." आम्ही दोघे भाऊ गप्प होतो. आमच्या वालिदांनीही आखातातून फोनवर बरंच काही ठरवलं होतं, आणि अम्मीनं किती वेळा असाच चहा केला असेल, ते आम्ही कधी विचारलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी नेटवर्क कसंबसं मिळत होतं, जेट्टीच्या टोकाला उभं राहिलं तरच. चाचांनी घरी फोन लावला. धाकट्या मुलीला एक स्थळ आलं होतं आणि ते कोचीतून निघताना आम्हाला म्हणाले होते की परत गेल्यावर होकार कळवून टाकणार. आम्ही पाण्याचे कॅन भरत होतो, पण कान तिकडंच.

"त्या स्थळाचं तुला काय वाटतं?" चाचांनी विचारलं.

पलीकडं इतकी शांतता झाली, की फोन कटला असं समजून त्यांनी दोनदा 'हॅलो' केलं. मग चाचींचा आवाज आम्हालाही ऐकू आला, घाबरलेला: "तुमची तब्येत बरी आहे ना?"

बरी आहे हे पटवण्यात बराच वेळ गेला. त्यानंतर चाची जे बोलल्या ते लांबलचक होतं. चाचा फक्त "हां", "हां" करत ऐकत राहिले, वाऱ्याकडं पाठ करून. फोन ठेवल्यावर आम्ही विचारलं, काय म्हणाल्या?

"म्हणाली, आधी पोरीला विचारा. आणि मुलाची नोकरी कसली ते तुम्हाला ठाऊक तरी आहे का, म्हणाली. मला ठाऊक नव्हतं."

भरतीला नांगर उचलला. यजमानांनी दिलेला मास कागदात गुंडाळून चाचांनी आपल्या बिछान्याखाली ठेवला; पहिला तुकडा दाभोळलाच कापायचा, आम्ही हात लावायचा नाही, अशी ताकीद देऊन. तीच होडी पुन्हा पुढं झाली आणि प्रवाळाच्या तोंडातून आम्ही बाहेर पडलो.